माळावरचे चंडोल आणि तिरचिमण्या ओळखायच्या कशा

पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात सगळे जातात चिंकारा बघायला, आणि गाडीपुढून तुरुतुरु पळणारं मातकट पाखरू "असेल कुठलीतरी चिमणी" म्हणून सोडून देतात. मीपण पहिलं वर्षभर तेच केलं, फारच वाटलं तर वहीत "चंडोल" लिहून मोकळा. चूक एवढीच की मी रंगापासून सुरुवात करायचो, पुस्तक उघडून चित्राशी रंग जुळवत बसायचो आणि वर बघेपर्यंत पक्षी गायब. सकाळी सातच्या उन्हात तांबूस दिसणारा पक्षी दहा वाजता राखाडी दिसतो, त्यामुळे रंग सगळ्यात शेवटी.

आधी चोच बघा आणि चाल बघा. बारीक चोच, लांब पाय, सडपातळ अंग, चार पावलं पळून थांबली की शेपटी खालीवर, ही तिरचिमणी. धोबी पक्षी आठवा, दोघं एकाच कुळातले आहेत. चंडोल बुटका, चोच जाडसर, जमिनीला दबून चालतो आणि शेपटी अशी हलवत नाही.

चंडोल आहे हे ठरलं की मग तो उडायची वाट बघा, खरी मजा तिथेच आहे. शेपटी विटकरी आणि टोकाला काळपट पट्टा असेल तर लाल शेपटीचा चंडोल. पंखात विटकरी रंग चमकला तर इंडियन बुशलार्क (लार्क म्हणजे चंडोलच), हा झुडपावरून किंवा तारेवरून फडफडत वर जातो आणि पंख व्ही सारखे उचलून, पाय खाली लोंबकळत ठेवून पॅराशूटसारखा उतरतो. एकदा बघितलंत की परत कधी चुकणार नाही. डोक्यावर शेंडी असेल तर पोट बघा, तांबूस पोट आणि छातीवर बारीक थोड्याच रेघा म्हणजे साइक्स लार्क, साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने 1832 मधे या पक्ष्याचं वर्णन केलं ते आपल्या दख्खनमधूनच. सह्याद्रीच्या बाजूला गेलात तर मलबार लार्क, त्याची शेंडी लांब आणि छातीवरच्या रेघा ठळक.

डोंबारी हा चंडोल मात्र नावातच सापडतो. नर वर चढतो, पंख मिटून खाली सूर मारतो, परत वर, अगदी कसरतीच करतो. त्याचं पोट काळं असतं म्हणून तो सोपा, गोची मादीची होते कारण ती सरळ चिमणीसारखीच दिसते. जाड चोच, आखूड पाय, आणि आसपास काळ्या पोटाचा नर दिसला की समजून जा.

तिरचिमण्या, म्हणजे इंग्रजीतले पिपिट, खरं डोकं हिवाळ्यात खातात, पाहुणे येतात ना. मे-जूनमधे सपाट माळावर दिसली तर बहुतेक पॅडीफिल्ड पिपिटच (खडकाळ उतारावर असाल तर लाँग-बिल्डचा विचार करा). थंडीत चोच आणि डोळा यांच्या मधे काळसर रेघ दिसली तर टॉनी. चांगली मोठी, छाती काढून ताठ उभी, आणि उडताना खरखरीत मोठ्याने ओरडली तर रिचर्ड्स. ब्लिथ्स पिपिटचं नाव मी अजून छातीठोकपणे घेत नाही, फोनवर आवाज रेकॉर्ड झाला असेल तरच, नाहीतर वहीत सरळ "पिपिट" लिहायचं आणि पुढे चालायचं.