डोमेन, डीएनएस आणि राखणदार एकाच घरी? या चुका टाळा

गेल्या आठवड्यात पुन्हा तोच फोन. साइट बंद, मेल बंद, आणि कंपनीच्या पॅनलमध्ये शिरताच येत नाही. मी विचारलं, "डोमेन कुठून घेतलंय?" पलीकडून ठरलेलं उत्तर आलं: "सर, सगळं एकाच ठिकाणी ठेवलंय. सोपं पडतं ना."

पडतं. चालू असेपर्यंत पडतं.

मी छोट्या धंद्यांच्या साइट सांभाळतो: दवाखाने, मंगल कार्यालयं, अवजारांची दुकानं. प्रत्येकाला पहिल्या भेटीत एकच सांगतो की डोमेनची नोंदणी एका कंपनीकडे ठेवा, डीएनएस आणि सुरक्षा दुसरीकडे. लोक मान डोलावतात आणि पुढच्या महिन्यात 'पहिल्या वर्षी डोमेन फुकट'वालं पॅकेज घेऊन येतात.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कायमचं विकत मिळत नाही. ते मुदतीने मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. कोणतं नाव कोणाचं याची मूळ वही रजिस्ट्रीकडे असते: डॉट कॉमची व्हेरिसाइनकडे, डॉट इनची निक्सीकडे. त्या वहीत तुमच्या वतीने नोंद करतो तो रजिस्ट्रार, म्हणजे आपला तलाठी म्हणा. नोंदीत तुमच्या नावापुढे दोन-चार नेमसर्व्हर लिहिलेले असतात आणि साइट कुठे, मेल कुठे हे पुढचं सगळं ते नेमसर्व्हर सांगतात. ते झालं डीएनएस. फायरवॉल (नको त्याला अडवणारी भिंत), डीडॉसपासून (खोट्या भेटींचा पूर आणून साइट पाडण्यापासून) बचाव वगैरे सुरक्षा सेवा, म्हणजे आपला राखणदार, बहुधा डीएनएसच्या जोडीने येते, कारण येणारा प्रत्येक जण आधी त्या सेवेच्या सर्व्हरवरून जावा लागतो. नेमसर्व्हर कोणाचे लिहिलेत याच्याशी बहुतेक तलाठ्यांना काही देणंघेणं नसतं. पाच मिनिटांत बदलता येतात.

पण नोंदच बिघडली तर वरचं सगळं निरुपयोगी. १६ एप्रिल २०२५ ला झूम जवळपास दोन तास बंद पडलं होतं. त्यांचे सर्व्हर ठणठणीत होते. रजिस्ट्रार मार्कमॉनिटर आणि डॉट यूएस चालवणारी गोडॅडी रजिस्ट्री यांच्यात निरोपाचा गोंधळ झाला आणि झूमचं डोमेनच रोखून धरलं गेलं. झूमसारख्यांना अशा वेळी हाक मारायला माणसं असतात. तुम्हाला तिकीट नंबर मिळतो.

चूक १: तलाठी आणि राखणदार एकच

सांगली जिल्ह्यातले एक शेती अवजारांचे विक्रेते. त्यांना आपण अण्णा म्हणू. अण्णांचं डोमेन, डीएनएस, होस्टिंग (साइटच्या फायली ठेवायची जागा), फायरवॉल आणि पाच मेलबॉक्स, सगळं एका कंपनीच्या एका खात्यात. त्यांच्या मुलाच्या मित्राने लावून दिलेलं. दसऱ्याच्या तोंडावर, म्हणजे त्यांच्या धंद्याच्या ऐन हंगामात, साइटवरच्या एका जुन्या प्लगिनमधून (साइटला जोडलेल्या तयार पुरवणीतून) कोणीतरी आत शिरलं आणि एका बँकेचं खोटं लॉगिन पान ठेवून गेलं. बँकेची तक्रार कंपनीकडे गेली. कंपनीने खातं स्थगित केलं. यात कंपनीचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. खोटं पान चालू ठेवायचं नव्हतंच.

पण स्थगित झालं ते पूर्ण खातं. माझ्याकडे साइटची आठ दिवसांपूर्वीची प्रत होती. दुसऱ्या सर्व्हरवर स्वच्छ साइट दीड तासात उभी केली, प्लगिन उपटून टाकलं आणि नेमसर्व्हर बदलायला पॅनल उघडलं. समोर एकच ओळ: खातं स्थगित आहे, सपोर्टशी संपर्क साधा. साधला. उत्तर आलं की नोंदणीकृत मेलवरून लिहा. नोंदणीकृत मेल होता त्याच डोमेनवरचा. मेलबॉक्स त्याच स्थगित खात्यात. ओटीपीही तिथेच जायचा. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कुलूप लावल्यासारखं.

मग पॅन कार्ड, जीएसटीचं प्रमाणपत्र, जुनी बिलं, दुकानाच्या पाटीचा फोटो, सगळं स्कॅन करून पाठवलं. पाठवलं ते एका विभागाला पोचलं, दुसऱ्याने पुन्हा मागितलं. पाच दिवस गेले. दसरा तिसऱ्या दिवशी होऊन गेला. मिरजेकडचं एक गिऱ्हाईक अण्णांना फोन करून म्हणालं, "दुकान उठवलं म्हणे?" अण्णा मला काही बोलले नाहीत, फक्त चहा न विचारता बसवून ठेवलं. त्यांना ओळखणाऱ्याला याचा अर्थ कळेल.

डोमेन दुसरीकडे असतं तर? मी रजिस्ट्रारकडे शिरलो असतो, नवे नेमसर्व्हर टाकले असते आणि रात्रीपर्यंत बऱ्याच लोकांना साइट दिसू लागली असती. सगळ्यांना नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. डॉट कॉमच्या वहीतल्या नेमसर्व्हर नोंदीचा टीटीएल (ती नोंद लक्षात ठेवायची मुदत) १,७२,८०० सेकंदांचा, म्हणजे दोन दिवसांचा. ज्या रिझॉल्व्हरने (तुमच्या वतीने पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरने) जुनी नोंद लक्षात ठेवली आहे तो तेवढा वेळ जुन्या पत्त्यावरच पाठवत राहतो. पण दोन दिवसांत हळूहळू परतणं वेगळं आणि पाच दिवस हात बांधून बसणं वेगळं.

"ही छोट्या कंपन्यांची रडगाणी" असं कोणी म्हणेल. म्हणून मोठ्यांचं उदाहरण देतो. २ नोव्हेंबर २०२३ ला ऑरेगॉनमधल्या एका डेटा सेंटरची वीज गेली आणि डीएनएस आणि सुरक्षा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअरचं डॅशबोर्ड (बदल करायचं पॅनल) आणि एपीआय (तेच काम प्रोग्रॅमकडून करून घ्यायची सोय) बसलं. साइट बहुतेक चालू होत्या, पण बदल कोणालाच करता येईना. १८ नोव्हेंबर २०२५ ला तर आपल्याकडच्या संध्याकाळी पाचच्या सुमारास साइटच कोसळायला लागल्या, आणि बहुतेकांना डॅशबोर्डमध्ये शिरता येईना, कारण लॉगिनच्या पानावर 'तुम्ही माणूस आहात का' विचारणारी टर्नस्टाइलही त्यांचीच, तीही बंद. ज्यांचा रजिस्ट्रार वेगळा होता त्यांच्या हातात निदान नेमसर्व्हरचा खटका होता. मी तो त्या दिवशी दाबला नाही. दोन दिवसांच्या टीटीएलचा हिशोब केला आणि थांबलो. रात्री आठपर्यंत बरंचसं पूर्ववत झालं. पण दाबायचा की नाही हे मी ठरवलं.

मी क्लाउडफ्लेअर रोज वापरतो, तेव्हा यावरून त्यांना शिव्या देणारे मेसेज मला पाठवू नका. डोमेनही ते मूळ दरात देतात, वर नफा लावत नाहीत. तरी मी तिथे डोमेन ठेवत नाही, कारण नेहमीच्या प्लॅनवर त्यांच्याकडे नोंदवलेल्या डोमेनला नेमसर्व्हरही त्यांचेच ठेवावे लागतात. खटका गेला. वर्षाला दोन-चारशे रुपये वाचवायला तो देऊन टाकणं मला जमत नाही.

यात एक गंमत आहे. बँकांना हा वेगळेपणा नियमाने मिळाला. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना डॉट बँक डॉट इनवर जायला लावलं आणि त्याची नोंदणी फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापलेल्या संस्थेकडे. त्यामुळे आमच्याकडच्या छोट्या सहकारी बँकांचं डोमेन आपोआप होस्टिंगवाल्याच्या खात्याबाहेर आलं. अण्णांवर असली सक्ती कोण करणार?

चूक २: परतीचा रस्ता त्याच डोमेनवर

वर आलंच. रजिस्ट्रारच्या खात्याला वेगळा जीमेल, तो दुसऱ्या कशालाच वापरायचा नाही. फोन नंबर मालकाचा, माझा नाही, वेब डिझायनरचा तर नाहीच. टू-फॅक्टर (पासवर्डनंतरचा दुसरा कोड) ॲपवर, एसएमएसवर नको. बॅकअप कोड कागदावर छापून द्यायचे ही माझी सवय. अण्णांनी ते सातबाऱ्याच्या फायलीत लावलेत आणि मला तरी याहून सुरक्षित जागा सुचत नाही.

चूक ३: नेमसर्व्हर बदलणं म्हणजे ट्रान्सफर समजणं

सुरक्षा सेवा घ्यायची म्हणून डोमेनची नोंदणीच त्या कंपनीकडे हलवायला (ट्रान्सफर करायला) निघणारे. सकाळी डोमेन घेतलं, दुपारी ऑथ कोड (डोमेन हलवायचा परवाना) मागितला, संध्याकाळी मला फोन: "६० दिवस हलवता येणार नाही म्हणतायत, फसवलं!" अरे बाबा, डॉट कॉमसारख्या डोमेनला नवी नोंदणी किंवा ट्रान्सफर झाल्यावर हे कुलूप बहुतेक सगळे रजिस्ट्रार लावतातच. आणि तुला हलवायचंच नाहीये. नेमसर्व्हरच्या दोन ओळी बदल आणि झोप. घाई करणाऱ्यांना दोन ओळींवर विश्वास बसत नाही. काहीतरी मोठं केल्याशिवाय काम झालं असं त्यांना वाटत नाही.

चूक ४: डीएनएससेक चालू ठेवून घर बदलणं

ही माझी स्वतःची आहे, त्यामुळे नीट सांगतो. एका दवाखान्याचं डीएनएस जुन्या ठिकाणाहून नव्या ठिकाणी न्यायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी केलं. शुक्रवारी संध्याकाळी काही बदलू नये हे मी दुसऱ्यांना सांगतो. नोंदी सगळ्या उतरवल्या, नेमसर्व्हर बदलले, घरी साइट उघडून पाहिली, छान. तासाभरात डॉक्टरांचा फोन: निम्म्या पेशंटना साइट उघडत नाही. माझ्याकडे उघडतेय. मी दोन तास त्यांना ब्राउझरची कॅश साफ करायला लावली. आठवलं की अजून लाज वाटते.

भानगड अशी होती. डीएनएससेक, म्हणजे डीएनएसची उत्तरं खरी आहेत का हे सहीने तपासायची सोय, चालू असलं की रजिस्ट्रारकडे एक डीएस नोंद असते. खऱ्या नेमसर्व्हरच्या सहीचा ठसाच म्हणा. मी नेमसर्व्हर बदलले, ठसा जुनाच राहिला. नवीन सही जुळेना, म्हणून तपासणारे रिझॉल्व्हर उत्तर द्यायलाच नकार देत होते. गुगलचा आठ-आठ-आठ-आठ आणि क्लाउडफ्लेअरचा एक-एक-एक-एक दोन्ही तपासतात. माझ्या घरचा रिझॉल्व्हर तपासत नव्हता, म्हणून मला सगळं गोड दिसत होतं. शेवटी डीएनएसला थेट विचारणारी डिग कमांड चालवली तेव्हा 'सर्व्हफेल' (उत्तर देता येत नाही) दिसलं. पडताळणी बंद करून विचारलं तर बिनतक्रार उत्तर आलं. तिथे डोक्यात प्रकाश पडला. डीएस काढला, पण डॉट कॉममध्ये त्याचाही टीटीएल एक दिवसाचा. शनिवार गेला.

आता माझा क्रम: आधी रजिस्ट्रारकडचा डीएस काढायचा, दोन दिवस हात लावायचा नाही, मग नेमसर्व्हर, सगळं स्थिरावल्यावर नव्या ठिकाणी डीएनएससेक चालू करून नवा डीएस आणून टाकायचा. नोंदणी आणि डीएनएस वेगळं ठेवण्याची खरी किंमत ही आहे. एकाच कंपनीत हे एका बटणात होतं, वेगळं ठेवलं की डीएस हाताने वाहून न्यावा लागतो. वर्षा-दोन वर्षांतून एकदा. मी देतो ती किंमत.

उरलेल्या, पटापट

नवीन डीएनएसमध्ये नोंदी आपोआप सापडतात यावर विसंबू नका. एमएक्स (मेल कुठे पोचवायचा ती नोंद) सापडेल, डीकिमचा (मेलवरच्या सहीचा) सिलेक्टर बहुधा सुटेल आणि तुमची बिलं लोकांच्या स्पॅममध्ये जातील. जुन्या ठिकाणाहून झोन फाइल (सगळ्या नोंदींची यादी) उतरवून घ्या. मी दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांच्या उतरवतो, काम असो वा नसो.

डोमेन डिझायनरच्या नावावर? आजच्या आज स्वतःच्या नावावर घ्या. डिझायनर भला माणूस असेल. माणसं गाव सोडतात, भांडतात, मरतात.

सुरक्षा सेवा पुढे उभी केली आणि मूळ सर्व्हरचा आयपी (खरा पत्ता) 'मेल' नावाच्या जुन्या नोंदीत उघडा सोडला, तर येणारा मागच्या दाराने येतो. सर्व्हरच्या फायरवॉलला सांगा, फक्त त्या सेवेच्या आयपींना आत घे.

क्लाउडफ्लेअरचं एसएसएल (सुरक्षित जोडणी) 'फ्लेक्सिबल'वर, म्हणजे मूळ सर्व्हरपर्यंत साधीच जोडणी, आणि सर्व्हरवर एचटीटीपीएसची सक्ती: साइट स्वतःभोवती गरगर फिरत राहते. 'फुल स्ट्रिक्ट' करा. फ्लेक्सिबल हा शॉर्टकट कोणी शिकवला असेल त्याचं बाकीचंही ऐकू नका.

ट्रान्सफर लॉक नेहमी चालू. काढायचा तो हलवायच्या दिवशी.

वेगळं ठेवा म्हणजे सात ठिकाणी फोडा असं नाही. एकाने माझं ऐकून डोमेन, डीएनएस, फायरवॉल, सीडीएन (साइटच्या प्रती जगभर ठेवणारी सेवा), मेल सगळं वेगवेगळ्या कंपन्यांत नेलं आणि पासवर्ड कुठला कुठे हे आता त्यालाही माहीत नाही. नोंदणी एकीकडे, डीएनएस आणि सुरक्षा दुसरीकडे, साइट तिसरीकडे. तीन दुकानं पुरे.

आणि मुदत. ऑटो-रिन्यू चालू असलं तरी त्याला लावलेलं कार्ड संपलेलं असतं. मी कॅलेंडरमध्ये मुदतीच्या ६० दिवस आधीची तारीख लावतो आणि पुढच्या तीन वर्षांचे पैसे एकदम भरायला लावतो. डॉट कॉमची मुदत टळली तर रजिस्ट्रार जास्तीत जास्त ४५ दिवस थांबू शकतो, पण तेवढा थांबेलच असं नाही. मग ३० दिवस दंड भरून सोडवण्याचे, आणि तो दंड ऐकून घाम फुटतो. शेवटचे पाच दिवस कोणालाच काही करता येत नाही, त्यानंतर जो आधी पकडेल त्याचं. त्या पाच दिवसांत मला फोन आला तर मी उचलतो, पण फक्त ऐकून घ्यायला.