मीटर बसवताना आणि अर्थिंग करताना या चुका टाळा

घरगुती वीजजोडणीतील सर्वांत घातक चूक म्हणजे न्यूट्रललाच (करंट परत नेणाऱ्या तारेलाच) अर्थ (गळतीचा करंट जमिनीत नेणारी तार) म्हणून वापरणे. अर्थिंगच्या खड्ड्याचा खर्च वाचवण्यासाठी सॉकेटमधील अर्थची पिन आतल्या आत न्यूट्रलला जोडून दिली जाते. टेस्ट लॅम्प लागतो आणि घरमालकाचेही समाधान होते. मात्र मीटरकडे येणारे न्यूट्रल कधी तुटले, तर चालू उपकरणातून फेज (वीज आणणाऱ्या तारेचा दाब) त्याच तारेवर येतो आणि तेथून फ्रिजच्या पत्र्यावर पोहोचतो. जादा करंट वाहत नसल्यामुळे एमसीबी (जादा करंट आल्यावर वीज तोडणारा स्विच) अशा वेळी पडत नाही.

मीटरवरचा ‘अर्थ’चा लाल दिवा सतत लागत असेल, तर फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येत नाही, असा त्याचा अर्थ होतो. गळती हे त्याचे एक कारण असते. पण दोन मीटर असलेल्या घरांत बहुधा न्यूट्रलची सरमिसळ आढळते. माळ्यावरच्या खोलीला फेज एका मीटरचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचे असेल, तर आजचे इलेक्ट्रॉनिक मीटर दोन्ही तारांपैकी अधिक करंटावर युनिट मोजत असल्याने एकाच वापराची नोंद दोन्ही मीटरांवर होते. मीटर पळते म्हणून तक्रार करण्याआधी एका मीटरचा मेन स्विच बंद करून दुसऱ्याचे कोणते दिवे विझतात, हे तपासून घ्यावे.

खड्ड्याबाबत आयएस 3043 या अर्थिंगच्या भारतीय मानकात पाइपचा आतील व्यास किमान 38 मिलिमीटर आणि लांबी अडीच मीटर सांगितली आहे. सह्याद्रीच्या पट्ट्यात अडीच मीटरच्या आत कातळ लागला की पाइप कापून बसवण्याची सर्रास पद्धत आहे. वास्तविक तो उभ्या रेषेपासून 30 अंशांपर्यंत तिरपा घालता येतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून पाइपपासून सुटते, म्हणून एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी घालावे लागते, ही गोष्ट मीठ-कोळसा भरून झाला की सगळेच विसरतात. खड्डा चांगला असला तरी केवळ एमसीबीवर विसंबू नये. अर्थचा रोध 5 ओहम धरला, तरी 230 व्होल्टला फार तर 46 अँपिअर वाहतील, आणि तेवढ्यावर 32 अँपिअरची एमसीबी लगेच पडत नाही. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) म्हणूनच लागते.

टर्मिनलमध्ये ॲल्युमिनियमची तार एकाच स्क्रूवर आवळल्यास ती कालांतराने दबून ढिली पडते, ठिणग्या उडतात आणि मीटरचा खालचा भाग करपतो. तेथील दोन्ही स्क्रू आवळणे आवश्यक आहे. सर्व्हिस वायर पेटीत वरून सरळ उतरवल्यास पावसाचे पाणी तिच्यावरून मीटरमध्ये जाते, म्हणून ती खाली वळवून तळाच्या भोकातून आत घ्यावी. सीलच्या आतील काम मात्र वीज कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे. दिवे फडफडत असल्यास किंवा जळका वास येत असल्यास मेन स्विच बंद करून 1912 वर तक्रार नोंदवावी.