रोज शंभर किलोमीटर आणि घरी मूल एकट्याने सांभाळायचं: जुनी एसयूव्ही कशी निवडायची

शिरवळहून पुण्याला रोज नोकरीला जाणारे आता खूप जण आहेत, मी त्यातलीच एक. जाऊन-येऊन शंभरएक किलोमीटर होतात, खेड शिवापूरचा टोल, कात्रजचा नवा बोगदा, मग नवले पुलाचा तो उतार, आणि संध्याकाळी हेच सगळं उलट. पाळणाघर सातला बंद होतं आणि घरात दुसरं मोठं माणूस नाही. आई असो की बाबा, ज्यांच्यावर एकट्यावर मूल आहे त्यांच्यासाठी गाडी घेताना पहिला प्रश्न हाच की गाडी संध्याकाळी सहाला हायवेवर बंद पडली तर लेकराला आणायला कोण जाणार? याचं उत्तर "कुणीच नाही" असेल तर सनरूफ, मोठा टचस्क्रीन, ॲलॉय हे सगळं मागे पडतं. न बंद पडणारी, आणि पडलीच तर आपल्या तालुक्यात दुरुस्त होणारी गाडी हवी. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच हिशोबाने आहे.

आधी वहीत हिशोब, मग गाडी

महिन्याला २४ दिवस धरले तर २,४०० किलोमीटर होतात. हिशोबाला पेट्रोल १०५, डिझेल ९२ आणि सीएनजी पण ९२ रुपये धरू, तुम्ही तुमच्या पंपावरचे भाव टाका. पेट्रोल एसयूव्हीने १५ चं ॲव्हरेज दिलं तर महिन्याला १६,८०० रुपये, डिझेलने १९ चं दिलं तर साधारण ११,६००, सीएनजीने किलोला २२ दिलं तर दहा हजाराच्या आसपास. म्हणजे पेट्रोल आणि डिझेलमध्ये वर्षाला साठ हजाराचा फरक पडतो, आणि म्हणूनच "आता डिझेल कोण घेतं" असं कुणी म्हटलं तरी एवढं रनिंग असणाऱ्याने डिझेल लगेच खोडून टाकू नये. शहरात रोज पाच-सात किलोमीटर फिरणाऱ्यासाठी मात्र बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांचं) डिझेल चांगलं नाही, कारण एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांना डीपीएफ असतो, तो सायलेन्सरमधली काजळी अडवतो आणि गाडी हायवेला सलग गरम चालली की ती जाळून टाकतो, सिग्नल-सिग्नल चालवली तर तो चोक होतो आणि खर्च मोठा येतो. आपलं रनिंग हायवेचं म्हणून डिझेल आपल्याला सूट होतं, पण आधीचा मालक ती कुठे चालवत होता हे विचाराच.

सीएनजी स्वस्त पडतो हे खरं, पण सिलेंडरमुळे डिकी जवळजवळ जाते, आणि मूल असलेल्या घरात डिकी म्हणजे दप्तर, सायकल, किराणा, कधी अंथरूण-पांघरूण सगळंच. रोजच्या रस्त्यावरच्या पंपाला संध्याकाळी किती लाइन असते तेही दोन दिवस थांबून बघा. किट बाहेरून बसवलेलं असेल तर ते आरसीवर आणि इन्शुरन्सवर चढलेलं पाहिजे, आणि सिलेंडरची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (दाब सोसतो का याची तपासणी) झाल्याचा कागद पाहिजे. तो नसेल तर पुढचं बोलणंच करू नका.

टोलचं पण हिशोबात धरा. १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला, सुरुवातीला ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. तो नॅशनल हायवेच्या टोलवर चालतो, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर नाही कारण तो राज्याचा रस्ता आहे. पास गाडीच्या नंबरला जोडलेला असतो, त्यामुळे जुन्या मालकाचा पास किंवा फास्टॅग वापरायच्या भानगडीत न पडता स्वतःचा नवीन घ्यायचा.

बजेटचं म्हणाल तर हातात सात लाख असतील तर गाडी सहाच्या आत बघा. उरलेले पैसे ट्रान्सफर, इन्शुरन्स, टायर, बॅटरी आणि पहिल्या मोठ्या सर्व्हिसिंगला लागतातच. आणि हो, सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कमी झाल्यावर छोट्या नव्या गाड्या स्वस्त झाल्या, त्यामुळे डीलर जो भाव सांगेल तो त्याच गाडीच्या आजच्या नव्या ऑन-रोड किमतीशी लावून बघायचा.

कुठली गाडी बघायची

एक मोठं माणूस आणि एक-दोन मुलं, एवढ्यासाठी चार मीटर लांबीच्या आतली एसयूव्ही पुरते. स्कॉर्पिओ, बोलेरोसारखी उंच गाडी किंवा डबल केबिन पिकअप शेतीकाम असेल तर ठीक, नाहीतर पुण्यात पार्किंगला त्रास आणि ॲव्हरेजलाही मार. २०१६ ते २०२० मधली विटारा ब्रेझा १.३ डिझेल आजही चांगली निवड आहे, ते इंजिन इतक्या गाड्यांत आलंय की वाटेवरच्या कापूरहोळचा मेकॅनिक पण ते डोळे झाकून खोलतो. २०२० नंतर ब्रेझा फक्त पेट्रोल झाली, १.५ लिटर, साधी आणि टिकाऊ. ताकद हवी आणि डिझेलच हवं असेल तर एक्सयूव्ही३०० आणि नेक्सॉन बघा, वेन्यू आणि सोनेट पण यादीत ठेवा. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं बंद करायचं जाहीर केलं, इकोस्पोर्ट चालवायला फार छान आहे पण स्पेअरसाठी थांबायला ज्याच्याकडे दुसरी गाडी नाही त्याने जपून.

सेफ्टीचं रेटिंग बघताना मोठ्यांचे स्टार आणि मुलांचे स्टार वेगळे असतात हे लक्षात ठेवा, जाहिरातीत फक्त मोठ्यांचे सांगतात. गाड्या ठोकून बघणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या जुन्या पद्धतीच्या टेस्टमध्ये नेक्सॉनला २०१८ मध्ये मोठ्यांसाठी ५ आणि मुलांसाठी ३ स्टार होते, विटारा ब्रेझाला ४ आणि २, एक्सयूव्ही३०० ला २०२० मध्ये ५ आणि ४. मागे बसणारं मूल आपलं आहे, म्हणून मी दुसरा आकडा आधी बघते.

गिअरचं थोडक्यात. ट्रॅफिकमध्ये रोज तास जात असेल तर ऑटोमॅटिकने डाव्या पायाला आराम मिळतो, पण जुन्या गाडीत साधा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक घ्या. डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, वॉरंटी संपल्यावर बिघडला तर बिल भयंकर येतं.

कागद आधी, टेस्ट ड्राइव्ह नंतर

लोक आधी गाडी बघतात आणि प्रेमात पडतात, मग कागदात काही निघालं तरी मन मागे येत नाही. म्हणून गाडीचा नंबर मागा आणि घरी बसूनच सरकारच्या वाहन पोर्टलवर बघा की कितवा ओनर, लोन चढलेलं आहे का, इन्शुरन्स कधीपर्यंत आहे. ई-चलान वेगळं तपासा. मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून सर्व्हिस हिस्टरी काढायला सांगा, मालकाने फोन केला की बहुतेक ठिकाणी मिळते. त्यात दर भेटीचं किलोमीटर असतं, त्यामुळे मीटर फिरवलेला असेल तर तिथेच दिसतो.

इन्शुरन्सची पॉलिसी नीट वाचा, त्यात एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, किती टक्के लिहिलाय ते बघा. ५० टक्के असेल तर सलग पाच वर्षं क्लेम नाही, चांगलं लक्षण. सहा वर्षांची गाडी, मालक एकच, आणि एनसीबी शून्य, मग विचारायचं की काय झालं होतं. (हा एनसीबी तुम्हाला मिळत नाही, तो मालकाचा असतो, "एनसीबीसकट देतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.) एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसलीय का तेही बघा, नाहीतर ट्रान्सफर अडकू शकतं. दिल्ली पासिंगच्या स्वस्त डिझेल गाड्या बाजारात भरपूर दिसतात कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंधनं आली, पण एनओसी, इथला टॅक्स, परत रजिस्ट्रेशन, आरटीओच्या चकरा, या सगळ्याला सुट्ट्या लागतात आणि एकट्या पालकाच्या सुट्ट्या मुलाच्या तापासाठी ठेवलेल्या असतात.

गाडी बघायला जाताना

सकाळी जा, पाऊस नसताना जा, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की इंजिन थंडच ठेवा. बोनेटला हात लावून गरम लागलं तर गाडी आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड स्टार्टचा आवाज आणि धूर तुम्हाला बघू द्यायचा नाहीये. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. आपला मेकॅनिक सोबत न्या, त्याला हजार-दीड हजार द्या, खळखळ करू नका. बोनेट, फेंडर आणि दरवाज्यांचे बोल्ट बघा, पाना लागल्याच्या खुणा असतील तर तो भाग उघडला गेलाय. डिकीचं कार्पेट उचलून स्टेपनीची जागा बघा, मागून ठोकलेली गाडी तिथे सापडते. टायरवर चार आकडी तारीख असते, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झालेले टायर नक्षी असली तरी बदलायचे, आणि चार टायरचे पैसे तिथल्या तिथे भावातून कमी करून घ्यायचे.

पुराच्या पाण्यात गेलेली गाडी हा आपल्याकडचा खरा धोका आहे. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला परत तिकडे आणि चिपळूणला, किती गाड्या पाण्याखाली होत्या, त्यातल्या अनेक धुऊन पुसून परत बाजारात आल्या. पुण्यात एका ठिकाणी मी एक गाडी बघितली, "मॅडम, एकदम मख्खन आहे, लेडीज वापरत होत्या", आतून अत्तराचा वास, सीट कव्हर कोरी करकरीत. मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर पहिला हातभर पट्टा काळा स्वच्छ आणि शेवटचा वीतभर तपकिरी, कडक झालेला, बोटांना बारीक माती लागली. पट्टा रिळात गुंडाळलेला असतो ना, तेवढा भाग कुणी धुवत नाही. लेकीच्या सीटचाच तो पट्टा होता. तिथूनच परत फिरले. सगळे पट्टे असेच ओढून बघा, सीटच्या खालच्या रुळांना गंज आहे का आणि फ्यूज बॉक्समध्ये हिरवट थर आहे का तेही बघा.

एअरबॅगचा दिवा फार महत्त्वाचा. चावी ऑन केली की तो पेटला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटूनच राहिला तर बिघाड आहे, आणि पेटलाच नाही तर जास्त वाईट, कारण ॲक्सिडेंटमध्ये बॅग उघडून गेलेली असते, नवीन बसवायला खर्च येतो म्हणून दिवाच काढून टाकतात. डॅशबोर्डवर शिवण किंवा रंगात फरक दिसतो का तेही निरखून बघा.

मुलाची सीट सोबत घेऊन जा आणि तिथेच बसवून बघा. मागच्या सीटच्या फटीत हात घातला की आयसोफिक्सचे, म्हणजे मुलाची सीट अडकवायचे, लोखंडी हूक बोटांना लागतात, काही जुन्या किंवा बेस मॉडेलला ते नसतात. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर कायद्याने १,००० रुपये दंड आहे, पण दंडाचं जाऊ द्या, हायवेवर कडेवर घेतलेलं मूल धक्क्यात हातात राहत नाही. मागे तोंड असलेली बाळाची सीट एअरबॅगसमोर पुढे कधीच लावायची नाही. दोन मुलं असतील तर दोन सीट लावून मध्ये कुणी बसू शकतं का ते बघा, बहुतेक छोट्या एसयूव्हीत नाही बसत.

टेस्ट ड्राइव्ह सोसायटीभोवती नको. चढावर न्या, उभी करून तिसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा, इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक आहे, गुरगुरत चालूच राहिलं तर क्लच गेलाय. ऐंशीच्या स्पीडला स्टेअरिंग थरथरतं का, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, एसी लावून गाडी उभी असताना इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढतो का, हे बघा. आणि जमलं तर अंधार पडल्यावर एकदा हेडलाइट बघा, पिवळट पडलेल्या काचा असतील तर पावसाळ्यात बोगद्याच्या बाहेर पडल्यावर काहीच दिसत नाही, आणि आपलं अर्धं ड्रायव्हिंग अंधारातच असतं.

व्यवहार करताना

टोकन दिलं तर व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या की लोन निघालं किंवा चलान निघालं तर टोकन परत. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचं लोन काढायचा फॉर्म ३५, आणि ट्रान्सफरचा ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जातो म्हणून त्याच्यासमोर बसूनच ऑनलाइन अर्ज टाका. सगळे पैसे तोपर्यंत देऊ नका. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांच्या सहीने करा, त्याआधीचं चलान किंवा ॲक्सिडेंट जुन्या मालकाचा. इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायचा, आणि त्यात रोडसाइड असिस्टन्स (रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत) घ्यायचाच, थोडेच पैसे जास्त लागतात.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला, आधीचा मालक कालच केलंय म्हणाला तरी. बॅटरी चार वर्षांची असेल तर तीही बदला, ती सकाळी साडेसहालाच दगा देते. नॅशनल हायवेचा हेल्पलाइन नंबर १०३३ फोनमध्ये सेव्ह करा. पाळणाघरातल्या ताईंना नवीन गाडीचा नंबर द्या, आणि उशीर झाला तर मुलाला कुणाकडे सोपवायचं त्या शेजारच्या काकूंचं नाव आणि फोन त्यांच्याकडे आधीच लिहून ठेवा, कारण चांगल्यातली चांगली गाडी असली तरी खेड शिवापूरला कंटेनर आडवा झाला की सगळे सारखेच अडकतात.