प्रोपेलर बॅलन्सिंग शिकायला येणाऱ्यांसाठी

पिस्टन इंजिनच्या छोट्या विमानांवर काम शिकायला इंदूरच्या हँगरमध्ये नवी मुलं येतात. देवास-उज्जैनची असतात, आपल्या रामबाग-लोकमान्यनगरचीही असतात. प्रोपेलर (म्हणजे प्रॉप, विमानाचा पुढचा पंखा) फिरताना हादरतो, तो हादरा मोजून वॉशरसारखी छोटी वजनं लावून घालवायचा, हे बॅलन्सिंग. त्याचं यंत्र दिसलं की सगळ्यांना आधी तेच हाताळायचं असतं. हौस असावीच, पण या कामातला कसब लागणारा भाग यंत्राची पेटी उघडण्याआधी होतो. तो नीट जमला तर पुढचं सोपं आहे.

एवढ्या बारीक वजनामागे का लागायचं, ते आधी आकड्यांत बघा. मिनिटाला २४०० फेरे म्हणजे सेकंदाला ४०. मध्यापासून १५ सेंटिमीटरवर १० ग्रॅम जास्तीचे असले, तर त्या वेगाला ते साडेनऊ किलोहून अधिक जोराने बाहेर ओढतात आणि ही ओढ सेकंदाला ४० वेळा गरगर फिरते. वेग निम्मा झाला की जोर चौथाईवर येतो. म्हणून आयडलला (सर्वांत मंद वेगाला) शांत वाटणारं इंजिन क्रूझला (उडतानाच्या नेहमीच्या वेगाला) हादरतं. त्या हादऱ्याने बॅफलच्या (सिलिंडरकडे थंड हवा वळवणाऱ्या) पत्र्याला चिरा जातात, आल्टरनेटरचे आणि एक्झॉस्टचे ब्रॅकेट तुटतात, कॉकपिटमधल्या उपकरणांचे काटे थरथरतात. तासभर उडून आलेल्या विद्यार्थ्याच्या थकव्यातही त्याचा वाटा असतो.

टायरच्या दुकानात चाक उतरवून बॅलन्स करतात. इथे प्रोपेलर, स्पिनर (त्याच्या मध्यावरची टोपी) आणि इंजिन जागेवर ठेवून, सगळं एकत्र फिरताना मोजायचं असतं. हे डायनॅमिक बॅलन्सिंग. प्रॉप उतरवून केलेलं स्टॅटिक बॅलन्सिंग वेगळं. ते प्रॉप शॉपचं काम.

सुरुवात स्पिनर काढण्यापासून करा. आमच्याकडे पावसाळ्यानंतर कुंभारमाशीचं मातीचं घर स्पिनरच्या आत हमखास सापडतं. ते न काढता बॅलन्स केलंत तर तुम्ही मातीलाच वजन जोडलं, आणि ती गळून पडली की हादरा परत. बॅकप्लेटला (स्पिनर ज्यावर बसतो त्या तबकडीला) स्क्रूच्या भोकांशी चीर आहे का, ते टॉर्च धरून बघा. पात्यांच्या पुढच्या कडेवरचे टवके मोजा, कारण टवका घासून काढला की धातू जातो आणि बॅलन्स बदलतं. म्हणजे घासकाम आधी, बॅलन्सिंग नंतर. मग ट्रॅक, म्हणजे सगळी पाती एकाच रेषेत फिरतात का, ते तपासा: एका पात्याच्या टोकाशी ठोकळा पक्का ठेवा आणि प्रॉप हाताने फिरवून दुसरं टोक तिथूनच जातं का बघा. फिरवण्याआधी मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा) बंद, चावी काढलेली, मिक्श्चरचा म्हणजे इंधनाचा दांडा मागे. तरीही प्रॉप जिवंत आहे असंच समजा. मॅग्नेटोची अर्थची वायर तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही ठिणगी पडते. या बाबतीत मी कुणाचंच ऐकून घेत नाही.

इंजिन माउंटचे रबर दबलेत का, सगळे सिलिंडर सारखे चालतात का, हेही तेव्हाच बघून घ्या. आलेख दाखवणारं यंत्र असेल तर ओळख सोपी आहे. २४०० फेऱ्यांना ४० हर्ट्झवरचा सुळका प्रॉपच्या फेऱ्यांचा. २० हर्ट्झवर सुळका दिसला तर सिलिंडरकडे वळा, कारण फोर-स्ट्रोक इंजिनात सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. तो दोष वॉशर लावून जाणार नाही.

ॲक्सेलरोमीटर, म्हणजे हादरा टिपणारा सेन्सर, इंजिनाच्या पुढच्या भागात, प्रॉपच्या शक्य तितका जवळ, शाफ्टच्या काटकोनात बसवतात. एका पात्याच्या पाठीवर चकाकणारी टेप आणि समोर काऊलिंगवर (इंजिनाच्या झाकणावर) ती वाचणारा डोळा. वायरी एक्झॉस्टपासून लांब, पक्क्या बांधलेल्या. विमानाचं नाक वाऱ्याकडे हवं आणि वारा हलका हवा, म्हणून काम सकाळी. त्यात आमच्याकडे एक गोष्ट आडवी येते. उन्हाळ्यात वारा पश्चिमेचा. नाक तिकडे केलं की सकाळचं ऊन मागून थेट पात्यांच्या पाठीवर पडतं आणि डोळा फसतो. यंत्रावरचे फेरे उड्या मारायला लागले की डोळ्याचा कोन जरा बदला किंवा आडोसा करा, आणि कॉकपिटमधल्या टॅकशी (फेरे दाखवणाऱ्या मीटरशी) आकडा जुळल्याशिवाय मोजणी धरू नका. विमान जागेवर उभं ठेवून रन करताना, म्हणजे इंजिन चालवताना, इंजिनाला थंडावा कमी मिळतो, तेव्हा सिलिंडरच्या तापमानावर एकाची नजर हवीच.

हादऱ्याची मोजणी इंच प्रति सेकंदात येते. ०.०७ च्या खाली आलं की उत्तम, ०.२ च्या आत चालण्यासारखं. १.२ च्या वर असेल तर वॉशर लावत बसू नका. प्रॉप उतरवून आधी स्टॅटिक.

आता नव्यांचा धीर जिथे सुटतो ते. यंत्र हादरा किती आणि फेऱ्यात कुठल्या कोनावर, दोन्ही दाखवतं. समजा पहिली मोजणी ०.४०, कोन शून्य. १० ग्रॅमचं चाचणी वजन लावून परत रन केला, तरी ०.४०च, फक्त कोन ६० अंश झाला. मुलं म्हणतात, काहीच फरक नाही. फरक पूर्ण पडलाय! कागदावर दोन्ही बाण काढा. त्यांची टोकं जोडणारा तिसरा बाणही ०.४० चाच येतो, १२० अंशांवर. तो वजनाचा परिणाम. तो १८० वर न्यायचा आहे, म्हणजे तेच १० ग्रॅम त्याच दिशेने आणखी ६० अंश सरकवा. हिशेबाने हादरा शून्य. यंत्र हे स्वतः सांगतं, पण चार-पाच वेळा आलेखकागदावर हाताने करा. अकरावीचे व्हेक्टर पुरतात. कोन कुठल्या दिशेने मोजायचा, ते मात्र यंत्राच्या पुस्तिकेतूनच घ्या. नेमक्या जागी भोक नसेल तर वजन शेजारच्या दोन भोकांत वाटतात.

या वाटेला यायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याच्या) कार-६६ या लायसन्सच्या नियमानुसार पिस्टन विमानांच्या लायसन्सची श्रेणी बी१.२. त्याच्या परीक्षेत मॉड्यूल १६ पिस्टन इंजिनचं, १७ प्रोपेलरचं, आणि पास व्हायला ७५ टक्के लागतात. १७ लहान म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. हँगरमध्ये रोज तेच उपयोगी पडतं. लायसन्स येईपर्यंत सही तुमची नसते, पण मोजण्या लिहून घेणं, वजनं काट्यावर तोलणं, बोल्टना टॉर्क लावताना शेजारी उभं राहणं हे सगळं मागून घ्या.

काम उत्पादकाच्या पुस्तिकेत किंवा मंजूर पद्धतीत बसतं ना, ते आधी बघा. लॉगबुकात आधीची आणि नंतरची मोजणी, फेरे, वजन आणि त्याची जागा लिहा. प्रॉप कुठल्या स्थितीत बसवलाय त्याची खूणही करा, कारण उतरवून वेगळ्या स्थितीत बसवला तर हे बॅलन्स उरत नाही. आणि प्रॉप शॉपला जाताना डायनॅमिकची वजनं काढायची, शॉपने लावलेल्या स्टॅटिकच्या वजनांना हात लावायचा नाही.