सुती नॉनवोव्हन ॲप्रनचे फिनिशिंग: आतून शोषक, बाहेरून पाणी झटकणारे

गोव्यातील मासळी प्रक्रियेच्या शेडमध्ये प्लास्टिकचा ॲप्रन पाणी अडवतो, पण आतून कामगाराला घामाने भिजवतो. सुती नॉनवोव्हनने, म्हणजे न विणता तंतू गुंतवून बनवलेल्या कापडाने, ही अडचण बरीच कमी होते. मात्र सगळे कापड एकाच द्रावणात बुडवून भागत नाही, कारण पाणी बाहेरच्या बाजूने झटकले जायला हवे आणि घाम आतल्या बाजूने शोषला जायला हवा.

पाण्याच्या झोताने तंतू गुंतवून बनवलेले, ब्लीच केलेले कापड घ्यावे. कच्च्या कापसावरील मेण पाणी शिरू देत नाही, म्हणून आधी थेंब टाकून पाहावा. तो 5 सेकंदांत जिरला नाही तर कापड पुन्हा स्कावर करावे, म्हणजे अल्कलीच्या गरम द्रावणात धुऊन त्यातले मेण काढावे.

जंतूंची वाढ रोखण्यासाठी कोळंबीच्या सालांपासून मिळणारे कायटोसान वापरता येते. 1 लिटर पाण्यात 10 मि.लि. असेटिक आम्ल घालून त्यात 5 ते 10 ग्रॅम कायटोसान विरघळवावे. प्रमाण वाढवले तर कापड पुठ्ठ्यासारखे कडक होते. सोबत शोषकता न घटवणारा नॉनआयॉनिक (विद्युतभार नसलेला) सॉफ्टनर घालावा. ॲनायॉनिक (ऋणभारित) रसायन मिसळल्यास कायटोसानचा साका बसतो. कापड या द्रावणात बुडवून रोलरमधून दाबून काढावे, पिळू नये, कारण ओले नॉनवोव्हन सहज ताणले जाते. 100 ग्रॅम कापड दाबल्यानंतर 200 ग्रॅम भरले, तर त्याने स्वतःच्या वजनाइतके द्रावण घेतले असे समजावे.

कापड वाळल्यावर फक्त बाहेरच्या बाजूला फ्लुओरिनविरहित जलविकर्षक (पाणी झटकणारे रसायन) हलक्या फवाऱ्याने किंवा फेसाच्या रूपात द्यावे. हीच पायरी सर्वांत नाजूक आहे: फवारा जड झाला की रसायन आरपार जाते आणि आतली बाजूही पाणी शोषेनाशी होते. त्यानंतर 100 ते 110 अंश सेल्सिअसला पूर्ण वाळवून, उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे, सहसा 150 अंशांच्या आसपास 2 ते 3 मिनिटे क्युअरिंग करावे, म्हणजे उष्णतेने रसायन कापडावर पक्के बसवावे. पावसाळ्यात कापूस हवेतला ओलावा धरतो, तेव्हा वाळवण्यात घाई केल्यास क्युअरिंग अर्धवट राहते. उलट उष्णता जास्त झाली तर कापड पिवळे पडते.

तयार कापड 45 अंशांत तिरके धरून त्यावर 250 मि.लि. पाण्याचा फवारा सोडावा. बाहेरची बाजू ओली न होता थेंब घरंगळले आणि आतल्या बाजूवर टाकलेला थेंब जिरला, तरच रोल पुढे पाठवावा. जलविकर्षक मेणाधारित असेल तर ते धुण्यात टिकत नाही, म्हणून असे ॲप्रन एकदाच वापरायचे धरावेत.

हेच कापड काजू फोडणाऱ्यांना देऊ नये. काजूच्या टरफलातील तेल त्वचा भाजते आणि हे फिनिश तेल अडवत नाही. तिथे तेल आरपार न जाणारे हातमोजे आणि ॲप्रनच लागतात.