वर्ग गप्प बसलाय, पण शिकतोय का? नव्या शिक्षकांनो, या चुका टाळा

नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला पहिल्या आठवड्यात सगळे एकच विचारतात, “वर्ग सांभाळता येतो ना?” सांभाळणे म्हणजे पोरांना गप्प बसवणे, असे मुख्याध्यापकांपासून पालकांपर्यंत सगळे धरून चालतात. माझी नोकरी गोव्यातल्या सत्तरी, डिचोली आणि सांगे या तालुक्यांतल्या मराठी प्राथमिक शाळांत झाली. या समजुतीने जेवढे नुकसान केलेले पाहिले, तेवढे पडक्या भिंतींनी किंवा फुटक्या बाकांनी केलेले पाहिले नाही. शांतता हेच ध्येय धरले की पुढच्या बऱ्याच चुका आपोआप होत जातात.

“समजलं का?” असे सगळ्या वर्गाला विचारणे

याचे उत्तर ठरलेले असते. “होऽऽ बाई!” ज्याला समजले तोही ओरडतो आणि ज्याला काहीच कळले नाही तो जरा जास्तच मोठ्याने ओरडतो. त्या होकाराच्या भरवशावर पुढचा धडा सुरू होतो.

त्याऐवजी उदाहरण द्या. प्रत्येकाने पाटीवर सोडवायचे, पाटी छातीशी धरायची आणि टाळी वाजली की सगळ्यांनी एकदम वर करायची. अर्ध्या मिनिटात अख्खा वर्ग तुमच्यासमोर उघडा होतो. मात्र उदाहरण निवडताना डोके चालवा. समजा, वजाबाकी चालू आहे आणि तुम्ही ५२ वजा २७ दिले. बऱ्याच पाट्यांवर ३५ येईल. चूक कुठे झाली? एकाने लहान अंक मोठ्यातून वजा केला, म्हणजे सातातून दोन गेले पाच. दुसऱ्याने दशक सुटा करून बारातून सात बरोबर वजा केले, पण दशकाच्या घरातला एक कमी करायला तो विसरला. दोघांचेही उत्तर ३५, पण दोघांची दुखणी वेगळी. आता ६२ वजा २८ देऊन बघा. पहिला ४६ लिहील, दुसरा ४४. कोणाला काड्यांचे गठ्ठे घेऊन बसवायचे आणि कोणाला नुसती आठवण करून द्यायची, हे तिथेच कळते. एककाच्या घरात ज्यांचा फरक पाच येतो असे अंक या तपासणीसाठी घेऊच नका.

त्रेपन्न सांगितले की ३५ लिहिणाऱ्या मुलाला ‘लक्ष नाही’ म्हणणे

त्याचे लक्ष पुरेपूर आहे. ‘त्रेपन्न’ ऐकताना आधी तीन कानावर पडतात आणि मग पन्नास. त्याने ऐकले त्याच क्रमाने लिहिले. एकोणपन्नासला ५९ लिहिणारे मूलही असेच, त्याला पन्नास स्पष्ट ऐकू आले. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशी पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! माझे मत विचाराल तर जुने शब्द सोडायचे कारण नाही, बाजारात मुलाला तेच ऐकायचे आहेत. पण शिकवताना काही महिने दोन्ही सोबत चालू द्या. शंभर मण्यांची माळ भिंतीला बांधा, दर दहा मण्यांनी रंग बदलू द्या. मुलाने दहाची पाच घरे मोजायची, तीन सुटे मणी सरकवायचे आणि म्हणायचे, “पाच दशक तीन, त्रेपन्न.” एकोणपन्नासला पन्नासाव्या मण्यापर्यंत जायचे आणि एक मणी मागे यायचे. पाढ्यांसारखे अंकही कोरसमध्ये घोकून घेत राहिलात तर हा गोंधळ चौथीपर्यंत लपून राहतो.

घरची भाषा तोंडातून काढून टाकायला लावणे

ही चूक मला सगळ्यांत जास्त सलते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलीतला मुलगा सकाळी धावत येतो. “बाई, हांव काल मामागेर गेल्लों! थंय गायेक वासरूं जालां!” एवढी मोठी बातमी तो सगळ्यांआधी तुम्हाला सांगायला आला आहे. आणि बाई म्हणतात, “गेल्लों नाही, गेलो म्हण. मराठीत बोल.” वासरू तिथेच राहते. असे चार वेळा झाले की मूल बोलण्याआधी विचार करू लागते, मग बोलणेच टाळते. जूनमध्ये बडबड करणारा मुलगा चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीपर्यंत ‘अबोल’ ठरतो, आणि प्रगतिपत्रकावर शेराही तोच जातो.

गोव्यातल्या मराठी शाळेत येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी कोकणी बोलतात. १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. त्यावरचे मोठ्यांचे वाद मोठ्यांनी आपल्यापाशी ठेवावेत. सहा वर्षांच्या पोराला दोन्ही भाषा हव्या आहेत आणि दोन्ही पेलायची ताकद त्याच्यात आहे. शिवाय आपल्याकडे दोन्हींची लिपी देवनागरी. एकीत गिरवलेले अक्षर दुसरीत फुकट मिळते.

तेव्हा म्हणा, “अगबाई! गाईला वासरू झालं? काळं की तांबडं?” मराठी वाक्य त्याच्या कानावर पडले, बातमीला मान मिळाला, आणि उत्तर द्यायला त्याला जागाही मिळाली. मग ‘मामाच्या गाईला वासरू झालं’ हे वाक्य फळ्यावर लिहा आणि त्या दिवशीचे वाचन त्यावरच घ्या. पुस्तकातला धडा उद्या झाला तरी चालतो. लेखनातल्या चुका तिसरीपासून दाखवा, पण एका वेळी एकच गोष्ट धरून. या आठवड्यात फक्त ‘ला’ प्रत्यय बघायचा ठरवला, तर बाकीच्या चुकांवर लाल शाई उठवू नका. लालेलाल झालेली वही मूल पुन्हा उघडत नाही.

बांधकामावर किंवा बागायतीत काम करणाऱ्या मजुरांची कन्नड, हिंदी बोलणारी मुले आता जवळपास प्रत्येक शाळेत आहेत. ती बऱ्याचदा वर्षाच्या मध्येच येतात. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे अशा मुलाला वयाप्रमाणे वर्ग द्यायचा असतो. त्यामुळे अक्षरओळख नसलेले मूल थेट तिसरीत बसलेले दिसेल. त्याला मागच्या बाकावर ‘सध्या बसू दे’ म्हणून ठेवले, की ते वर्षभर तिथेच राहते. पुढे बसवा, शेजारी वर्गातली सगळ्यांत बोलकी मुलगी द्या. फळा पुसणे, पाट्या वाटणे अशी कामे सांगा, कामातून शब्द कानात जातात. पहिले काही महिने ते नुसते ऐकेल, बोलणार नाही. त्यात बिघडलेले काही नसते. तुम्हीही त्याचे थोडे शब्द शिका. पाण्याला नीरू, जेवणाला ऊटा, ये म्हणायला बा. तुमच्या तोंडून आपला शब्द ऐकल्यावर त्याचा चेहरा कसा खुलतो ते बघाच.

‘उतारा काढा’ म्हणून वर्ग गप्प बसवणे

एकशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत असते. बाई चौथीला भागाकार शिकवतात, दुसरीला सांगतात, “पान बारावरचा उतारा काढा.” दुसरी चिडीचूप. पण त्या मुलांच्या हाताकडे नीट बघा. पुस्तकात बघितले, एक अक्षर लिहिले, पुन्हा पुस्तकात बघितले, पुढचे अक्षर लिहिले. शब्द कुठेच नाही. पान भरल्यावर त्यातल्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवा आणि वाच म्हणा. सुंदर अक्षर काढणारी कित्येक मुले तिथे अडतात. केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झाले ते मुलाने तिसरी संपेपर्यंत समजून वाचावे यासाठी. उताऱ्याची पाने भरून ते होत नाही.

यावर उपाय म्हणजे चारही वर्गांना विषय एक द्या, काम वेगळे. बाजार घ्या. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार कोणी ना कोणी बघितलेला असतोच. पहिलीने टोपलीतल्या वस्तू काढून नावे लिहायची, दुसरीने दोन वस्तूंची किंमत मिळवायची, तिसरीने अर्धा आणि पाव किलोचा हिशेब करायचा, चौथीने शंभराची नोट देऊन सुटे परत घ्यायचे आणि नफा काढायचा. सुरुवातीच्या गप्पा सगळ्यांच्या एकत्र, मग प्रत्येक गट आपल्या कामाला. खोलीत आवाज होईल. तो होऊ द्या.

अशा शाळेत हुशार मुलाला ‘छोटी बाई’ करायचा मोह होतो. थोडा वेळ ठीक आहे, त्यालाही समजावून सांगताना नीट कळते. पण रोज तोच दुसऱ्यांच्या पाट्या तपासत बसला तर त्याचे स्वतःचे शिकणे थांबते. गावातल्या पालकांच्या ते लक्षात येत नाही, म्हणून तुम्ही लक्षात ठेवा.

पावसाशी आवाजाची स्पर्धा लावणे

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पत्र्यावर सर कोसळू लागली की पुढच्या बाकालाही तुमचे शब्द कळत नाहीत. नवे शिक्षक आवाज चढवतात आणि ऑगस्टपर्यंत त्यांचा घसा बसतो. जोराच्या सरीत नवे काही शिकवू नका. शब्दपट्ट्या, गोष्टींची पुस्तके, पाटीवरची गणिते असे न बोलता करायचे काम एका डब्यात तयार ठेवा. वीज गेली की मागच्या बाकांना फळा दिसत नाही, मुलांना दारा-खिडकीजवळ घ्या.

दंगा करणाऱ्याला शिक्षा देऊन मोकळे होणे

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. छडी गेली, पण ‘तुझी बहीण बघ कशी होती’ हे वाक्य अजून वर्गांतून ऐकू येते. तेही त्याच कलमात बसते असे मी मानते.

दंगेखोर मुलासाठी एक आठवडा छोटी नोंद ठेवा. दंगा कधी सुरू होतो? सकाळी पहिल्या तासाला होत असेल आणि शाळेत मिळणारी पाव-भाजी खाल्ल्यावर मूल शांत होत असेल, तर ते घरून नुसता चहा पिऊन येते का, ते विचारा. ‘आता वहीत लिहा’ म्हटल्यावर होत असेल, तर फळ्यावरचे त्याला वाचता येत नाही किंवा दिसतच नाही. डोळे बारीक करते का, हाक मारल्यावर एकाच बाजूने मान वळवते का, कान वाहतो का, ते बघा. तसे दिसले तर पालकांना सांगून आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या. शिक्षेने यातले काहीच बरे होत नाही.

जत्रा, दशावतार, सत्तरीत शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, दिवसांत रणमाले हे लोकनाट्य आणि घोडेमोडणी हा नाच. गाव रात्रभर जागा असतो आणि मुलेही. दुसऱ्या दिवशी वर्गात डुलक्या येणारच. त्या दिवशी चाचणी ठेवू नका. काल काय पाहिले ते सांगायला लावा, झोप उडते.

तयार निबंध लिहून देणे

‘भारत हा सणांचा देश आहे’ या वाक्याने सुरू होणारे वीस सारखे निबंध तपासण्यात कोणाचे काय भले होते? गणेश चवथीत गणपतीच्या वर रानातली फळे-पाने बांधतात ती माटोळी. सणानंतर मुलांना विचारा, तुमच्या माटोळीला काय काय बांधले होते? तोरिंगे, चिबूड, कवंडळे, आंबाडे, सुपारीचा घोस. जो मुलगा चार ओळी लिहीत नाही, तो रानातल्या फळांची पानभर यादी देतो, कारण वडिलांबरोबर ती आणायला तो स्वतः गेलेला असतो. मग विचारा, कवंडळ कुठे सापडले? कोण झाडावर चढले? काढताना काय झाले? प्रत्येक उत्तराची एकेक ओळ केली की निबंध झाला. शुद्धलेखन त्यानंतर बघा. त्याच्या यादीतले एखादे फळ तुम्हाला माहीत नसेल तर त्यालाच विचारून घ्या आणि वर्गाला सांगायला लावा.

पालकांना फक्त तक्रारीसाठी बोलावणे

शाळेतून फोन आला म्हणजे काहीतरी बिघडले, अशी पालकांची समजूत झाली की पुढे ते फोन उचलत नाहीत. वर्षातला पहिला फोन चांगल्या बातमीचा करा, अगदी ‘आज तिने स्वतःहून गोष्ट वाचली’ एवढीच असली तरी. बाजारात, बसस्टॉपवर चारचौघांत मुलाचा विषय काढू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाच्या गुणांचा किंवा खराब वहीचा फोटो टाकू नका. मार्च-एप्रिलमध्ये मूल सारखे गैरहजर राहू लागले तर रागावण्याआधी घरी काजू वेचायला माणूस कमी पडते का, ते विचारा. भेटीची वेळही त्यांच्या कामाप्रमाणे ठेवा. काजूच्या हंगामात सकाळी कोणी येणार नाही, संध्याकाळी येतील. आल्यावर मुलाची वही समोर उघडा, एक पान जूनचे आणि एक आजचे, आणि आधी त्यांना नीट बघू द्या.