करिअर मोड घड्याळ लावून खेळताना

कोथरूडच्या खोलीत, रात्री अकरानंतर, मी ईए एफसी या फुटबॉल व्हिडिओ गेमचा मॅनेजर करिअर (संघाचा मॅनेजर होऊन हंगाम खेळायचा मोड) टायमर लावून खेळतो. ध्येय एकच, पहिल्याच हंगामात, कमीत कमी वेळात लीग जिंकायची. त्यामुळे लीग निवडतानाच डोकं लावा. प्रीमियर लीगमध्ये ३८ सामने, जर्मन बुंडेसलिगात ३४. हाफ ४ मिनिटांचा ठेवून सगळे खेळलात, तर तिथेच ३२ मिनिटं वाचली! संघ बायर्न म्युनिक घ्या. सोपे सामने सिम्युलेट करा (म्हणजे न खेळता निकाल गेमवर सोडा), पण डॉर्टमुंडविरुद्धचा स्वतः खेळा; तिथे गेलेले तीन गुण मला फार महागात पडलेत. रिप्ले, सेलिब्रेशन लगेच स्किप. टायमर म्हणून लाइव्हस्प्लिट हे सॉफ्टवेअर उत्तम, गेममधल्या महिन्याला एक स्प्लिट (टप्प्याच्या वेळेची नोंद) पुरे. आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, तेव्हा दर पाच सामन्यांनी सेव्ह कराच.